माळावरची नाशपाती

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी कलेक्टर कचेरीत आवक-जावकचा कारकून होतो, आणि जिल्हा माझ्यामुळेच चालला आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती. उस्मानाबादहून ट्रक भरून दप्तरं यायची. लाल फडक्यातली गाठोडी व्हरांड्यात उतरायची. खुर्च्या कमी होत्या, माणसं जास्त होती. काही शिक्के जुनेच होते, त्यांच्यावरचं उस्मानाबाद ब्लेडने खरवडून आम्ही लातूर हाताने लिहायचो. माझं काम एवढंच की आलेल्या पत्रावर नंबर टाकायचा आणि ते पुढच्या टेबलावर ढकलायचं. मी मात्र प्रत्येक पत्र आधी वाचायचो. ते माझं काम नव्हतं. म्हणूनच कदाचित मन लावून वाचायचो.

एके दिवशी शेतीखात्यासाठी एक परिपत्रक आलं. नव्या जिल्ह्यात नव्या फळझाडांचे प्रयोग व्हावेत, अशा अर्थाचं काहीतरी त्यात होतं. कुणाला पाठवलंय हे वर स्पष्ट टाइप केलेलं होतं. मी ते तीनदा वाचलं आणि माझी खात्री पटली की ते मलाच आलेलं आहे. शेतीखात्याला पोचायला त्याला दोन दिवस उशीर झाला, त्याचं कारण हेच.

आमची जमीन अहमदपूरपासून जळकोटच्या अंगाला असलेल्या एका लहान गावाबाहेर, माळावर. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गायरानातली तीन एकर मिळाली होती. गावाला नको असलेलीच जमीन आम्हाला मिळायची, ही पण तशीच. वर मुरूम, खाली खडक. बहात्तरच्या दुष्काळात दादा खडी फोडायच्या कामावर होते. तिथे ते सुरुंग लावायला शिकले आणि ती विद्या घेऊन त्यांनी माळावर विहीर खणली. चार वर्षं खणत होते. पाणी लागलं तेव्हा मी कॉलेजात होतो आणि सुट्टीत घरी आल्यावर विहिरीच्या काठावर बसून त्यांना खोलीबद्दल सूचना करायचो.

कचेरीत लागल्यावर आणि लग्न झाल्यावर मला रजा-प्रवासाची सवलत मिळाली. बायको नांदेडची, शहरात वाढलेली. तिने आयुष्यात बर्फाचा डोंगर पाहिला नव्हता, मीही नव्हता, पण मी पाहिल्यासारखं बोलायचो. मनमाडला गाडी बदलून, दिल्लीत धर्मशाळेत राहून आम्ही ऐन जानेवारीत हिमाचलात पोचलो. इतक्या थंडीत शहाणी माणसं तिकडे जात नाहीत, हे आम्हाला तिथल्या रिकाम्या हॉटेलांनी सांगितलं. बायकोला एक लोकरीची शाल घ्यायची होती. तीन दिवस ती शाल घ्यायची म्हणत होती, आणि तिसऱ्या दिवशी मला रस्त्याच्या कडेला एक रोपवाटिका दिसली.

तिथे एका म्हाताऱ्याने ओल्या गवतात रोपं गुंडाळून ठेवली होती. रोपं कसली, काड्या होत्या. पान नाही, माती नाही, बुडाला चार मुळ्या लोंबत होत्या. मी विचारलं, हे काय? म्हातारा म्हणाला, नाशपाती. झालं. नव्या जिल्ह्यातलं नवं फळ मला सापडलं होतं. आंबा, चिकू, आम्ही ज्याला जांब म्हणतो तो पेरू, हे काय कुणीही लावतं. मराठवाड्यात नाशपाती लावणारा मी पहिला असणार होतो. मी बारा काड्या घेतल्या. त्या बॅगेत मावेनात म्हणून बॅगेतले दोन स्वेटर अंगावर चढवले, आणि शाल ठेवायला आता जागाच उरली नाही, असं बायकोला सांगितलं.

म्हाताऱ्याने कशी लावायची, काय करायचं हे बराच वेळ समजावून सांगितलं. त्याची हिंदी पहाडी वळणाची होती. मी मान डोलावत होतो. आमचा मुलूख निजामाचा, उर्दू-हिंदी आमच्या घरातलीच, असं मी बायकोला वाटेत अनेकदा ऐकवलं होतं. त्यामुळे आता समजलं नाही असं म्हणायची सोय राहिली नव्हती. बसमध्ये बसल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाले ते?"

"पाणी घालत जा म्हणाला."

"एवढं बोलून एवढंच?"

"पहाडी माणसं अघळपघळ बोलतात," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर त्या ओल्या पोत्याने आमचा संसार भिजवला. रेल्वेत शेजारच्या बाईंनी पाय वर घेऊन प्रवास केला. अहमदपूरला एसटीत चढताना कंडक्टर म्हणाला, "तुराट्या टपावर टाका." मी त्याला म्हणालो की या तुरीच्या वाळक्या काड्या नाहीत, नाशपातीची कलमं आहेत. तो म्हणाला, "आसंल. टपावर टाका."

दादा बैलांना पाणी दाखवत होते. मी पोतं त्यांच्यासमोर सोडलं. त्यांनी एक काडी उचलली, वाकवून पाहिली, नखाने साल खरवडली. आत हिरवं दिसलं.

"जित्ती हाय," ते म्हणाले. "कशाची म्हनलास?"

"नाशपाती, दादा. सफरचंदाची मावसबहीण."

"सफरचंद तर आपल्याकडं येत न्हाई."

"म्हणूनच तर मावसबहीण आणली."

दादा काही बोलले नाहीत. दादा काही बोलले नाहीत की मी ते संमती धरायचो, ही माझी जुनी सवय. ते पोतं मी चुलीपाशी सावलीत भिंतीला टेकवून ठेवलं आणि खड्डे कुठे घ्यायचे ते पाहायला गेलो. परत आलो तेव्हा मायच्या चुलीवर तूर शिजत होती आणि बाहेर अकराच काड्या होत्या.

"माय, एक काडी कुठं गेली?"

मायने चुलीत डोकावून पाहिलं. "ही व्हय? मला वाटलं सरपण आनलास. ओली हाय म्हनून लई धूर करायलीय."

बायकोने पदर तोंडाला लावला. तिला खोकला आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दादांनी आणि मी खड्डे घेतले. खरं सांगायचं तर दादांनी अकरा घेतले. मी पहार घेऊन एका खड्ड्याला लागलो, आणि तासाभराने हाताला फोड आला म्हणून अंतर मोजायच्या कामावर बदली करून घेतली. खड्ड्यात शेणखत घातलं, रोप उभं केलं, माती दाबली, आधाराला काठी बांधली. रोप आणि काठी यांत फरक दिसेना, म्हणून मी रोपांना लाल चिंध्या बांधल्या. मग एक पत्रा घेतला आणि त्यावर पांढऱ्या रंगाने 'नाशपाती फळबाग' असं लिहून बांधावर रोवला.

पाटी पाहायला गाव आलं. काड्या पाहून परत गेलं. एकाने विचारलं, "सायेब, हितं काय पुरलंय का?" लाल चिंध्यांची त्याला काही वेगळीच शंका आली होती. पुढच्याच आठवड्यात आमच्या देवणी कालवडीने एक काडी मुळापासून उपटून चघळली. मी कालवडीवर ओरडलो. दादा तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "तिला काय ठावं? तिला तर कडबाच वाटला." त्या काळात दादांचा माझ्यापेक्षा कालवडीवर जास्त भरवसा होता, आणि तो चुकीचा होता असं आज मला म्हणता येत नाही.

उरल्या दहा. फाल्गुनात त्या दहाही फुटल्या. काडीवर मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला तेव्हा मी वाटेत भेटेल त्याला हाताला धरून दाखवायला नेलं. दर शनिवारी दुपारी कचेरी सुटली की मी लातूरहून एसटी पकडायचो आणि सोमवारी सकाळी परत यायचो. कचेरीत मी मोठ्या बाबूंना सांगून ठेवलं होतं की नाशपातीची पहिली टोपली त्यांच्या घरी जाणार. शिपायापासून नाझरपर्यंत मी इतक्या जणांना फळं कबूल केली की ती पुरवायला हिमाचलच आणावं लागलं असतं. मोठे बाबू रोज विचारायचे, "काय, बाग काय म्हणतेय?" त्यांचा आवाज हसरा असायचा. मला वाटायचं त्यांना शेतीची आवड आहे.

त्या वर्षी मृगात दोन सरी आल्या आणि नंतर आभाळ कोरडं गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी तेवढ्याही आल्या नाहीत. कचेरीत आता फळबागेची परिपत्रकं थांबली आणि टँकरची सुरू झाली. नवा जिल्हा अजून धड मांडूनही झाला नव्हता, तोच त्याच्या प्रत्येक टेबलावर पाणी हाच विषय. मी दिवसभर टंचाईच्या पत्रांवर नंबर टाकायचो आणि शनिवारी गावी जाऊन नाशपातीला चार-चार घागरी घालायचो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

गावातला आड आटला. टँकर तीन दिवसांनी यायचा, कधी यायचाच नाही. आमच्या विहिरीला तळाशी पाणी होतं. थोडं होतं, पण खडकातून सतत झिरपायचं. एका सकाळी गावातल्या पाच-सहा बाया घागरी घेऊन बांधावर येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. त्या घरांमधल्या कुणीही तोवर आमच्या विहिरीचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. आम्ही बौद्ध, आणि आमच्या आजोबांना त्यांच्या विहिरीच्या पायरीवरही उभं राहू दिलं नव्हतं.

त्या दिवशी रविवार होता, मी घरीच होतो. मला वाटलं, आता दादांनी काहीतरी बोलावं. निदान मी तरी बोलावं. आतल्या आत एक भाषण तयारही झालं, चांगलं दणदणीत. दादांनी बांधाकडे पाहिलं आणि पोहरा विहिरीच्या काठावर आणून ठेवला.

"या की," ते म्हणाले. "वळीनं घ्या. दोर जपून सोडा, कड धारेची हाय."

बस. एवढंच. माझं भाषण तसंच राहिलं, आणि ते नेमकं कुणाला ऐकवायचं होतं हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही.

महिन्याभरात आमच्या विहिरीवर सकाळ-संध्याकाळ रांग लागू लागली. मी शनिवारी यायचो तेव्हा पायवाटेवरूनच घागरींचा आवाज ऐकू यायचा. आणि मी काय करायचो? तर रांगेच्या पुढे जाऊन, मालकाचा मुलगा म्हणून, माझ्या झाडांसाठी पोहरा ओढायचो. दहातली तीन झाडं तोवर वाळली होती. उरलेली सात वाचवायचीच, असा मी निश्चय केला होता. माझे निश्चय नेहमी दुसऱ्याच्या पाण्यावर व्हायचे.

एका रविवारी मी अशाच दोन घागरी भरल्या आणि निघालो. रांगेत एक म्हातारी बसली होती, गावातल्या वरच्या आळीची. तिच्या घागरीच्या गळ्याला चिंधी बांधली होती, बहुधा ती फुटकी होती. तिने मला विचारलं, "बाबा, ही कोन्ची झाडं म्हनायची?"

विचारणारा भेटला की मला कधीच आवरत नसे. मी घागरी खाली ठेवल्या आणि तिला नाशपातीची सगळी माहिती दिली. थंड मुलखातलं फळ, रसाळ, तब्येतीला चांगलं, मोठ्या शहरांत किती मागणी आहे वगैरे. रांग पुढे सरकली तरी मी बोलत होतो. म्हातारीने सगळं नीट ऐकून घेतलं.

मग ती म्हणाली, "मंजी ह्येला फळ लागाय किती वरसं?"

"पाच-सात."

"आन् मला घागर मिळाय अजून सा बाया हायत म्होरं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला फक्त हिशेब लागत नव्हता. "तू घाल बाबा, घाल. मी बसते. तुजं पानी हाय."

तुजं पानी हाय. मी त्या दोन घागरींकडे पाहिलं. उचलाव्यात की ठेवाव्यात ते कळेना. शेवटी एक तिच्या घागरीत ओतली. अर्धं पाणी चिंधीतून खाली गेलं. दुसरी मागे बसलेल्या बाईला दिली. सगळ्या रांगेला मी पाठमोरा चालताना दिसत असणार, आणि ती पाठ मला स्वतःलाच दिसत होती.

पण माझा स्वभाव असा की लाज वाटली तरी तिचाही समारंभ करायचा. जेवताना मी घरात जाहीर केलं, "आजपासून झाडांना पाणी बंद. माणसं तहानलेली असताना मी झाडं जगवणार नाही. हा माझा त्याग समजा."

मायने माझ्या ताटात भाकरी वाढली. बायको म्हणाली, "बरं झालं." दादांनी कांदा फोडला आणि विचारलं, "सोमवारची यष्टी कितीची हाय?"

त्यानंतर तीन-चार महिने मी गावी गेलोच नाही. टंचाईच्या कामामुळे सुट्ट्या रद्द झाल्या, हे खरं. पण मेलेली झाडं पाहायची हिंमत नव्हती, हेही खरं. कचेरीत मोठ्या बाबूंनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, बाग मी समाजाला दिली. ते म्हणाले, "अरे वा. समाज काय म्हणतोय?"

पाऊस पुढच्या आषाढात झाला, आणि चांगला झाला. मी गावी गेलो. पाटी कलंडली होती. मी ती काढून टाकायला म्हणून गेलो आणि थांबलो. पाच झाडं उभी होती. त्यातली चार तर माझ्या खांद्याला लागत होती, पानांनी भरलेली. पाचवं मात्र गुडघ्याएवढंच होतं, वेडंवाकडं, आणि त्याच्याभोवती चार काठ्यांवर मायच्या जुन्या लुगड्याची सावली बांधलेली होती.

विहिरीच्या काठापाशी दादांनी शहाबादी फरशीचे तुकडे तिरके बसवले होते. बाया पोहरा उपसून घागरीत ओतायच्या तेव्हा जे सांडायचं, हातपाय धुताना जे वाहायचं, ते सगळं त्या फरशीवरून एका बोटभर रुंद नालीत जायचं. ती नाली थेट झाडांपर्यंत गेली होती. कुणाची एक घागर कमी झाली नव्हती. शंभरेक घागरींचं सांडलेलं पाणी दोन वेळा मिळत होतं आणि ते मला एवढे दिवस दिसलं नव्हतं, कारण मी रांगेच्या पुढे उभा असायचो.

"दादा, तुम्ही सांगितलं नाहीत."

"काय सांगाचं? पानी तिकडंच जाय लागलं, म्हनलं जाऊ दे वाटंला लावून."

मी पुन्हा बागाईतदार झालो. पाटी सरळ केली. ती चार झाडं तर असली फोफावली की पुढच्या वर्षात माझ्या डोक्याच्या वर गेली. त्यांना काटे आले. लांब, टोकदार काटे. नाशपातीला काटे असतात का, असं गावातल्या एकाने विचारलं. मी म्हणालो, "ही अस्सल हिमालयी जातीची खूण आहे." पाचव्या झाडाला काटे नव्हते, ते वाढतही नव्हतं. ते कमअस्सल निघालं, असं मी ठरवून टाकलं आणि ते उपटून जागा मोकळी करावी असं दादांना सुचवलं. दादा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तेला सावली बांदलीय."

मग मी माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. म्हणजे जाणकार माणसाला घरी बोलावलं. कचेरीच्या ओळखीतून फळबाग खात्यातले एक अधिकारी मला माहीत झाले होते, ते दौऱ्यावर अहमदपूरला येणार होते. मी त्यांना आग्रहाने माळावर आणलं. चहा झाला. गावातली पाच-पन्नास माणसंही जमवली होती, साहेबांच्या तोंडून माझं कौतुक त्यांनी ऐकावं म्हणून. साहेब पहिल्या झाडाजवळ खाली बसले. बुडाची माती बाजूला केली. दुसऱ्याजवळ बसले, तिसऱ्याजवळ, चौथ्याजवळ. मग उभे राहून हात झटकत म्हणाले, "किती वर्षं झाली म्हणालात?"

"चौथं चालू आहे."

"अहो, हे तुम्ही जंगली झाड वाढवलंय."

गाव पुढे सरकलं.

साहेबांनी समजावून सांगितलं. नाशपातीचं कलम जंगली नाशपातीच्या खुंटावर बांधतात. खालचा खुंट काटेरी आणि चिवट, वरची काडी नाजूक आणि गोड फळाची. खुंटाला खालून फुटवे येतात ते वेळच्या वेळी काढायचे असतात, नाहीतर सगळा जोर तेच खातात आणि वरचं कलम मरतं. माझ्या चारही झाडांचं कलम केव्हाच मेलेलं होतं. बुडाशी ती वाळकी काडी अजून दिसत होती, लाल चिंधीसकट. जे माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं, ज्याच्या काट्यांवर मी व्याख्यान दिलं होतं, त्याला बोराएवढी तुरट फळं येतात आणि ती पाखरं खातात.

"आणि हे?" दादांनी लुगड्याच्या सावलीतल्या पाचव्या झाडाकडे बोट केलं.

साहेब तिथे बसले आणि हसले. "हे मात्र खरं आहे. याचे फुटवे कुणी काढले?"

"म्या," दादा म्हणाले. "खालून निगालेलं वरच्याला जगू देईना, म्हनून खुडत होतो. त्या चारांचं काय, ह्ये पोरगं हात लावू देत नव्हतं. लई जोरात वाडलेत म्हनायचं."

ते खरं होतं. दादांनी एकदा विळा घेतलेला मी पाहिला होता आणि जवळजवळ हिसकावून घेतला होता.

गाव हसत घरी गेलं. साहेब गेले. बायको चहाच्या कपबश्या गोळा करत होती. ती सहज म्हणाली, "त्या म्हाताऱ्यांनीही हेच सांगितलं होतं की. नीचे से जो निकले, काट देना. तीनदा सांगितलं त्यांनी."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. "मग तू मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला हिंदी येते म्हणाला होतात."

त्या दिवशी मी पाटी काढून आणली. पत्रा चांगला होता, मायने त्याचं खुराड्याला दार केलं.

पण गोष्ट तिथे संपली नाही, कारण दादांनी ती संपू दिली नाही. साहेब निघताना दादांनी त्यांना विचारून घेतलं होतं की या चार खुंटांवर त्या एका झाडाची काडी पुन्हा बांधता येईल का. साहेब म्हणाले, येईल, पानं गळली की थंडीत या, मी दाखवतो. माणूस शब्दाचा निघाला. पौषात आला आणि दादांना एकदाच पाचर कलम करून दाखवलं. जंगली खोड आडवं कापायचं, त्याला मधोमध चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची, सालीला साल लागली पाहिजे, मग घट्ट बांधून वरून शेणमाती लावायची.

मी म्हणालो, दोन झाडं मी करतो, दोन तुम्ही करा. मी नवा चाकू आणला होता, पुस्तकही आणलं होतं. दादांनी वस्तऱ्याचं जुनं पातं घेतलं. ज्या हातांनी सुरुंगासाठी खडकात भोकं पाडली होती ते हात त्या काडीला इतक्या हळू धरत होते की मी माझं काम सोडून बघत बसलो. माझ्या दोन कलमांपैकी एक आठवड्यात वाळलं. दुसरं हिरवं राहिलं म्हणून मी आनंदात होतो, तर ती काडी मी उलटी बसवली होती, हे दादांनी दाखवलं. दादांची दोन्ही फुटली. पुढच्या थंडीत त्यांनी माझीही दोन्ही नव्याने केली, तीही फुटली. मी कंदील धरायचंही काम केलं नाही, कारण ते दिवसाउजेडी करत होते.

फळ आलं त्या साली माझी नांदेडला बदली झालेली होती. त्या पाचव्या, लुगड्याच्या झाडाला नऊ नाशपाती आल्या. दोन पोपटांनी नेल्या. मी सुट्टी काढून गेलो. दादांनी एक तोडून विळ्याने चिरली. ती चिरताना करकर आवाज झाला. मी मोठी फोड तोंडात टाकली. दगड थोडा भिजवून ठेवला तर त्याची चव अशी लागेल. आत रवाळ, थोडी गोडी, बरंचसं पाणी.

"कशी हाय?" दादांनी विचारलं.

"चांगली आहे," मी म्हणालो आणि चावत राहिलो.

दादांनी मीठ-तिखट लावून खाल्ली. "जांबाची चव न्हाई," ते म्हणाले. "पन आपल्या खडकातून एवढं पानी ह्यानं काढलं म्हनजे कमाल हाय." मायने उरलेल्यांतल्या तीन चिरून वरणात घातल्या, आणि ते वरण खरोखर चांगलं झालं. मोठ्या बाबूंसाठी मी दोन लातूरला पाठवल्या. त्यांचा निरोप आला की फळं मिळाली, पिकल्यावर खाऊ. मी त्यांना सांगितलं नाही की ती जात तशीच असते.

हळूहळू झाडं भरत गेली. बाजारात न्यावं इतकं कधी आलं नाही, पण घरापुरतं, शेजाऱ्यांपुरतं येऊ लागलं. विहिरीवर पाण्याला येणाऱ्या बाया जाताना पदरात चार न्यायच्या, वरणाला. माळावर कलमं करणारा माणूस आहे अशी बोलवा झाली. लोक आंब्याच्या, बोरीच्या काड्या घेऊन दादांकडे यायला लागले. गावात मला आता सायेब म्हणत नव्हते. नाशपातीवाल्याचं पोरगं म्हणायचे.

एकदा मी सुट्टीवर घरी होतो. दादा देवणीच्या बाजारात गेले होते. जळकोटकडचा एक माणूस सायकलवर आला, ओल्या फडक्यात बोरीच्या काड्या गुंडाळून. त्याला आपल्या शेतातल्या रानबोरीवर मोठ्या बोराचं कलम करून हवं होतं आणि तसं करायचं कसं ते पाहायचं होतं. मी त्याला बसवलं, पाणी दिलं. कलमाची सगळी तत्त्वं सांगितली. खुंट म्हणजे काय, साल का जुळावी लागते, फुटवे का काढायचे. सगळं बरोबर सांगितलं, याची मला खात्री आहे. बोरीला डोळा भरतात, म्हणजे काडीऐवजी एकच कळी सालीखाली बसवतात, त्याची रीतही पुस्तकातून पाठ होती. तो लक्षपूर्वक ऐकत होता. मी आत जाऊन चाकू घेऊन आलो.

त्याने चाकूकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं.

"तुमी स्वता करता व्हय?" त्याने अदबीने विचारलं. "का दादा येस्तोवर थांबू?"

मी चाकू मिटला.

"थांबा," मी म्हणालो. "येतीलच दुपारपर्यंत. तोवर चहा घ्या."

तो झाडाखाली काड्यांवर पाणी शिंपडत बसला, आणि मी मायला चहा टाकायला सांगायला आत गेलो.